तलाठ्याच्या यादीत नसलेला घोडा

सुगंधा मेतर खाडीवरून परतल्या तेव्हा त्यांच्या पाटीत कालवं होती आणि बादलीत एक घोडा. समुद्रघोडा. मधल्या बोटाहून जरासा लांब, मातकट पिवळा, पाण्यात पडलेल्या काडीला शेपटीचा वेढा घालून बसलेला. सकाळचे साडेआठ झाले होते. त्यांची सून मृण्मयी ओट्यावर बसून कॉलेजातल्या मुलांची जर्नलं तपासत होती.

"मयी, हो बघ गो," सुगंधाबाई बादली टेकवत म्हणाल्या. "तुझ्या घोवाच्या तलाठ्याच्या यादीत हो आसा काय?"

"आई, याला पकडायला बंदी आहे. वाघाला लागतो तोच कायदा याला लागतो."

"पकडूक नाय. कालवां काढताना पाटयेत इलो. परत सोडूचोच आसा. पण आधी बघ. माका हो येगळो वाटता."

मृण्मयीनं पेन खाली ठेवलं.

तलाठी म्हणजे जलवाचक. वेळणे खाडीच्या तोंडाशी सिमेंटच्या खांबावर बसवलेली कपाटाएवढी पेटी. पाण्यातला प्रत्येक जीव काही ना काही सांडत असतो. कधी खवल्याचा कण, कधी अंगावरचा बुळबुळीत थर, कधी विष्ठा. त्यात पेशी असतात आणि पेशींत डीएनएचे धागे. जलवाचक दर सहा तासांनी दोन बादल्या पाणी आत ओढायचा, गाळायचा, त्या धाग्यांचा एक ठरावीक आखूड तुकडा वाचायचा आणि आपल्या ग्रंथालयातल्या नावांशी ताडून बघायचा. मग यादी छापायचा: शेंगटी इतकी, बोय इतकी, कालवं इतकी. खाडीत कोण राहतं याचा सातबाराच. म्हणून गावानं त्याचं नाव तलाठी ठेवलं होतं. तो आल्यापासून तीन वर्षांत किनाऱ्यावरच्या कुठल्याच खाडीत मासे मोजायला माणूस उतरला नव्हता.

मृण्मयी पूर्वी तेच करायची. आठ वर्षं सर्वेक्षणाच्या नोकरीत तिनं माशांचे काटे, पर आणि खवले मोजले होते. जलवाचकाच्या ग्रंथालयात शिरलेल्या नावांपैकी साडेअकराशे नावं तिनं स्वतः तपासून दिली होती. ते काम चालू असतानाच यंत्राची जुळणी करणारा निनाद मेतर तिला भेटला. सांगलीची मुलगी वेळण्याला सून म्हणून आली ती त्यामुळे. पुढे यंत्र चालू झालं आणि तिचा विभाग बंद झाला. आता ती तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होती. नवरा विजयदुर्गापासून रेडीपर्यंतच्या चाळीस खाड्यांतले जलवाचक सांभाळत होता. या गोष्टीबद्दल दोघांत भांडण असं कधी झालं नव्हतं. बोलणंही झालं नव्हतं.

तिनं पांढऱ्या ताटलीत खाडीचंच पाणी घेतलं, घोडा त्यात सोडला आणि भिंग डोळ्याला लावलं. समुद्रघोड्याच्या अंगावर खवले नसतात. कातडीखाली हाडांची कडी असतात, एकाखाली एक. कडी किती आहेत यावरून जात ओळखतात. छातीच्या पराच्या बुडापासून सुरुवात करून ती मोजत खाली आली. मग पुन्हा मोजलं.

"काय झाला?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"या खाडीत जी जात आहे असं तलाठी म्हणतो, तिच्या धडावर अकरा कडी असतात. याला दहाच आहेत. शेपटीवर चौतीसच्या खाली नसतात, याला बत्तीस. आणि हे गालावरचे काटे बघा, दोन-दोन आहेत. त्या जातीला एकेकच असतो."

"मगे मी काय सांगलंय? येगळो."

मृण्मयीनं फोटो काढले, मापं लिहिली. अर्ध्या तासाच्या आत दोघी जाऊन घोड्याला होता तिथे सोडून आल्या.

रात्रीच्या जेवणाला निनाद घरी होता. त्यानं ऐकून घेतलं, भाताचा घास तसाच हातात धरून. "मयी, मी यादी बघितली. वेळण्याच्या पाण्यातला समुद्रघोडा त्या नेहमीच्या जातीशी साडेअठ्ठ्याण्णव टक्के जुळतो. एखाद्याला एक कडं कमी असू शकतं. माणसांना नाही का सहा बोटं असतात?"

"असतात. पण एकाच माणसाला सहा बोटं, दोन नाकं आणि वेगळे कान असं नसतं."

"यंत्र चुकतच नाही असं मी म्हणत नाही."

"तू तेच म्हणतोस. फक्त हळू आवाजात."

निनाद हसला. मग त्याच्या लक्षात आलं की बायको हसत नाहीये.

त्यामागे कारण होतं. वेळणे खाडीच्या तोंडाशी मोठा मालधक्का होणार होता. बोटी आत येण्यासाठी गाळ उपसावा लागणार होता आणि त्या गाळाबरोबर समुद्रगवताची अडीच एकरांची गादी जाणार होती. नियम असा की जगात फक्त तिथेच राहणारी एखादी जात सापडली तर तिथे उपसा करता येत नाही. तशी जात आहे की नाही, हे खाडी मंडळ जलवाचकाची यादी बघून ठरवायचं. वेळण्याच्या यादीत एकशे ब्याण्णव नावं होती आणि सगळी इतरत्रही सापडणारी. यादीखाली सही निनादची होती. जनसुनावणी पंचेचाळीस दिवसांवर आली होती.

तीन दिवसांनी, मोठ्या ओहोटीच्या पहाटे सुगंधाबाई सुनेला घेऊन गवतात गेल्या. पाणी मांडीपर्यंत होतं. हिवाळ्यातलं स्वच्छ पाणी, तळाचं गवत वाऱ्यातल्या भातासारखं हलत होतं. एका बुडालेल्या तिवराच्या खोडापाशी त्या थांबल्या.

"गप उभी रव. आता येतली ती."

खोडाला एक घोडा शेपटीनं धरून होता. पोट फुगलेलं, म्हणजे तो नर. समुद्रघोड्यांत मादी नराच्या पोटावरच्या पिशवीत अंडी घालते आणि गर्भारपण नर काढतो. थोड्या वेळानं गवतातून मादी आली. नराचा रंग उजळला, तिचाही. दोघांनी एकाच गवताच्या पात्याला शेपट्यांनी धरलं आणि ती पात्याभोवती सावकाश फिरू लागली. सात-आठ मिनिटं हे चाललं. मग मादी जशी आली तशी निघून गेली.

"रोज?" मृण्मयीनं हळूच विचारलं.

"मी येतंय त्या प्रत्येक दिवशी. गेल्या सालापासून बघतंय. रात्रभर ती खंय आसता देव जाणे. सकाळी भेटून जाता. तुझो सासरो असताना मी पण अशीच धक्क्यार जाय. होडी इली, माणूस दिसलो, की मगे घरच्या कामाक लागूचा." त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, "पंधरा वर्सां झाली त्येका जावन."

दुसऱ्या पहाटे मादी नराजवळ आली तेव्हा मृण्मयीनं कापसाच्या बोळ्यानं दोघांच्या अंगावरचा बुळबुळीत थर अलगद टिपून घेतला आणि त्यांची कडी मोजली. दोघांनाही धडावर दहा, शेपटीवर बत्तीस. गालावर दोन काटे. आता याला एखाद्याची सहा बोटं म्हणता येणार नव्हतं.

घरी आल्यावर तिनं सुगंधाबाईंना सांगून टाकलं. नव्या जातीची नोंद करायची तर नुसतं वर्णन पुरत नाही. त्या जातीचा एक नमुना कायमचा संग्रहालयात ठेवावा लागतो. पुढे शंभर वर्षांनी कुणाला शंका आली तर त्यानं तो काढून बघावा म्हणून. त्या एका नमुन्याला ते नाव बांधलेलं असतं. तो नसेल तर मंडळासमोर नाव टिकणार नाही. वनखात्याकडे अर्ज केला तर एक घोडा घ्यायची परवानगी मिळेल.

"घ्यायची म्हणजे?"

"म्हणजे मारून ठेवायची, आई."

सुगंधाबाई कालवं फोडत होत्या. कोयतीचा हात थांबला. "नाव ठेवूक जीव घेवचो लागता? आमच्याकडे बारसा जित्या पोराचा करतत."

"एक गेला तर बाकीचे सगळे वाचतील. उपसा झाला तर एकही राहणार नाही."

"ता माका कळता. मी काय खुळी नाय. पण तुका जागा दाखवली ती मी. त्या दोघांतलो एक तू उचललंस तर दुसऱ्या दिवशी दुसरो थंय येऊन उभो रवतलो. तेव्हा थंय कालवां काढूक मी आसतलंय, तू नाय."

आठ वर्षांत मृण्मयीनं हजारो मासे फॉर्मॅलिनच्या बरण्यांत घातले होते. एकाचीही सकाळ तिनं बघितली नव्हती.

अर्ज तिनं लिहिला, पण पाठवला नाही. चार दिवस तो टेबलावर पडून होता. पाचव्या दिवशी जुन्या टिपणांची वही चाळताना तिला आठवलं, पूर्वीच्या काळी वर्णन केलेल्या कितीतरी समुद्रघोड्यांचे मूळ नमुने वाळलेले आहेत. हाडांची कडी असल्यानं घोडा वाळला तरी आकार सोडत नाही. तो आत्ताच मेलेला असायला हवा असं कुठेच नव्हतं.

ती पळतच मागच्या पडवीत गेली. "आई, गावात कुणाकडे वाळलेले घोडे असतील का? जुने? रापणीत सापडलेले?"

सुगंधाबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग पदर खोचला. "आसतले. पण देवचे नाय कोण. कायद्याक भितत."

त्यांचं खरं होतं. बंदी येण्याआधी रापणीच्या जाळ्यात घोडा आला की लोक तो वाळवून ठेवत. कुणी शोभेला, कुणी मुलांच्या दम्यावर उगाळायला. आता ते सगळे देवघराच्या मागे आणि ट्रंकांच्या तळाशी दडले होते. मृण्मयीनं वनाधिकाऱ्यांना गाठलं आणि लेखी पत्र आणलं: जुना वाळलेला घोडा जो जमा करील त्याला काहीही विचारलं जाणार नाही. ते पत्र घेऊन सासूसुना गाबतवाड्यात, मच्छीमारांच्या वस्तीत, घरोघर फिरल्या. पत्र मृण्मयी वाचायची. पण डबे उघडायचे ते सुगंधाबाईंनी पायरीवर बसून चहा मागितल्यावर, आणि कुणाची सून कुठे असते याची चौकशी झाल्यावर. आठवडाभरात तेवीस घोडे जमले. प्रत्येकाला मृण्मयीनं चिठ्ठी बांधली: कुणी दिला, कुठे सापडला, अंदाजे कधी.

तेविसांपैकी सोळा नेहमीच्या जातीचे निघाले. त्यांतले दोन-तीन खाडीच्या तोंडाशी, बाकीचे बाहेर दर्यात टाकलेल्या जाळ्यांत आले होते. सात नव्या जातीचे. ते सातही वेळणे खाडीतले. पण त्यांतल्या एकाचंही शेपूट शाबूत नव्हतं. मूळ नमुना म्हणून ठेवावा असा एकही नव्हता.

रविवारी दुपारी तिनं ते सात पडवीत कागदावर मांडून ठेवले होते. निनाद बाजूला येऊन बसला. त्यानं एक हातात घेतला, उजेडात धरला. "दाखव ना, कसं मोजतात ते."

तिनं दाखवलं. त्यानं दोनदा मोजलं, दोनदा वेगळं उत्तर आलं. तिसऱ्यांदा जमलं. त्यानं बाकीचेही मोजले, नेहमीच्या जातीचेही चार मोजले. सातांनाही धडावर दहा, त्या चौघांना अकरा.

सुगंधाबाई उठून आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात लाल फडक्याची पुरचुंडी होती. ती त्यांनी कागदावर सोडली. आत काळ्या दोऱ्यात ओवलेला एक घोडा होता. अखंड, नाकाच्या नळीपासून शेपटीच्या टोकापर्यंत.

"तुझ्या गळ्यात होतो," त्या निनादला म्हणाल्या. "दोन वर्सांचो होतंस. दमो लागलो की निळो पडायचंस. तुझ्या बापाशीन हयच खाडीत, तिवरांच्या मुळात मेलेलो गावलो म्हणून आणलेलो. पाच वर्सांचो होयसर तुझ्या गळ्यात बांधलेलो. डॉक्टराच्या औषधान बरो झालंस ता माका माहीत आसा. पण ह्येका टाकूचा मन झाला नाय."

"आये, इतके दिवस बोललंस कशाक नाय?"

"बघी होतंय, ह्येच्याशिवाय भागता काय." त्यांनी दोऱ्याची गाठ सोडायला घेतली. "नाय भागणा. घे गो."

मृण्मयीनं मोजलं. दहा. बत्तीस. गालावर दोन काटे. वर्ष माहीत, जागा माहीत, शोधणाऱ्याचं नाव माहीत: कै. रामा मेतर. तिनं चिठ्ठी लिहून घोड्याला बांधली.

आता राहिला होता डीएनए. जलवाचक दोन जातींना एक का म्हणतो, हे सांगितल्याशिवाय मंडळ कड्यांचा हिशोब मानणार नव्हतं. ते काम घरात एकालाच येत होतं. निनादनं सुट्टी टाकली, कणकवलीच्या कार्यशाळेतलं मोकळं यंत्र मागून घेतलं. त्यात जिवंत जोडीचा बुळबुळीत थर आणि गळ्यातल्या घोड्याच्या शेपटीचा मोहरीएवढा कण घातला. या वेळी त्यानं नेहमीचा आखूड तुकडा वाचला नाही. सगळ्या धाग्यांतली वीस हजार ठिकाणं वाचायला लावली. यंत्राला अकरा दिवस लागले.

बाराव्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला आणि चपला काढायच्या आधीच म्हणाला, "तू म्हणत होतीस ते खरं आहे. वेगळी जात आहे. थोडीथोडकी नाही, चांगली वेगळी."

"मग तलाठ्याला का कळलं नाही?"

"तो वाचतो तो तुकडा फक्त आईकडून येतो. पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात, पाण्यात तो टिकतो, म्हणून आम्ही तोच निवडला. पण हजारो वर्षांपूर्वी कधीतरी त्या दुसऱ्या जातीची एक मादी यांच्यात आली असणार. पुढे तिच्या लेकी, त्यांच्या लेकी. अंग यांचं झालं, तो एवढा तुकडा मात्र तिचाच राहिला."

सुगंधाबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "म्हंजे घरात सगळा सासरचा, आणि आडनाव तेवढा आवशीच्या म्हायेरचा?"

"होय आये. तसाच. आणि आमी निसता आडनाव वाचून माणूस वळखी होतो."

मृण्मयीनं त्याच्या हातातला कागद घेतला. ती आनंदानं काही बोलणार इतक्यात तिचं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे गेलं. "हे सुनावणीत मांडलं तर?"

"तर एकट्या वेळण्याची यादी खोटी ठरत नाही. चाळीसच्या चाळीस याद्या संशयात येतात. सगळ्यांवर माझी सही आहे." तो खाली बसला. "मंडळ दुसरा माणूस बघेल."

"मी निबंध माझ्या नावानं मांडते. यंत्राबद्दल तू काही बोलू नकोस. कड्यांवर जेवढं होईल तेवढं होईल."

"तू साडेअकराशे नावं तपासून दिलीस आणि मग तुझी गरज नाही असं ठरलं. तेव्हा मी काय बोललो होतो, आठवतं?"

"काहीच बोलला नव्हतास."

"हां," निनाद म्हणाला. "ते एकदाच पुरे झालं."

सुनावणी शाळेच्या सभागृहात झाली. मृण्मयीनं वीस मिनिटं कडी, काटे आणि मापं मांडली. काचेच्या पेटीत काळ्या दोऱ्याची खूण राहिलेला घोडा होता. तो सगळ्यांनी रांगेनं पाहिला. मग निनाद उभा राहिला. त्यानं यंत्र कसं चालतं ते सांगितलं, ते कुठे चुकतं ते सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "वेळण्याच्या यादीत एकशे ब्याण्णव नावं आहेत, असं मी सही करून दिलं होतं. ते चूक आहे. एकशे त्र्याण्णव आहेत."

अध्यक्षाबाईंनी विचारलं, "इतर याद्यांची खात्री तुम्ही देता का?"

"नाही. माणूस पाण्यात उतरल्याशिवाय आता मी कुठल्याच यादीची खात्री देणार नाही."

निकाल तीन आठवड्यांनी आला. मालधक्का रद्द झाला नाही. तो दक्षिणेला, कातळाच्या बाजूला सरकवायचा ठरला. गवताची गादी राहिली. जलवाचकाच्या यादीला यापुढे माणसाच्या पाहणीची जोड हवी, असा नियम झाला. निनादचं काम काढून घेतलं गेलं. पत्रात त्याच्या सचोटीचं कौतुक दोन ओळी होतं.

निबंध छापून आला त्या दिवशी मृण्मयीनं तो सासूला वाचून दाखवला. शास्त्रीय नाव तिनं शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. "हिप्पोकॅम्पस सुगंधाए," तिनं वाचलं. "म्हणजे सुगंधाचा घोडा."

सुगंधाबाईंनी हात पदराला पुसून कागद घेतला. "माझा नाव घोड्याक?"

"हो."

"शंभर वर्सांनी पण ह्याच नाव ऱ्हवतला?"

"हो."

"मगे नीट लिवलंस मा? एकदा परत वाच."

गोष्ट इथे संपली असती. पण निनादच्या मनात एक काम राहिलं होतं. प्रत्येक खाडीच्या पाण्याचे जुने नमुने शीतपेट्यांत जपून ठेवलेले असतात. नव्या जातीची खरी खूण आता त्याला ठाऊक होती. नोकरीची शेवटची पंधरा दिवसांची मुदत त्यानं वेळणे सोडून बाकीच्या एकोणचाळीस खाड्यांचे नमुने पुन्हा वाचण्यात घालवली. अडतीस ठिकाणी काही मिळालं नाही. एकोणचाळिसावी खाडी कातळीची. तिथल्या सगळ्यात जुन्या नमुन्यात सुगंधाबाईंचा घोडा होता. पुढच्या चार नमुन्यांतही होता. नंतर नव्हता.

कातळीला दोन वर्षांपूर्वी उपसा झाला होता. यादी त्याच्या सहीची होती.

त्यानं हे बायकोला सांगितलं ते अंगणात, भर दुपारी, शब्द जुळवत. मृण्मयीनं त्याला समजावलं नाही. ती म्हणाली, "त्या ग्रंथालयात नावं माझी होती. ही नव्हती, कारण मी कधी कातळीला गेलेच नव्हते. उद्या जाऊ या."

तिघं गेली. कातळीची खाडी वेळण्याहून रुंद, आता खोल आणि गढूळ. ज्या ठिकाणी गवत असायला हवं होतं तिथे हात घातला की नुसती मऊ रेती लागत होती. पहाटेपासून भरती लागेपर्यंत निनाद आणि मृण्मयीनं तळ चाचपला. सुगंधाबाई कातळावरची कालवं बघत हिंडल्या आणि पाटी रिकामीच घेऊन परत आल्या. पाण्यातून बाहेर येताना निनादचे ओठ थंडीनं काळे पडले होते. "परत येऊ," तो म्हणाला. "दर ओहोटीला येऊ."

काठावरून एक बाई बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती. साठीची, कमरेला कोयती. शेवटी तिनं विचारलं, "काय हरवला काय तुमचा?"

"घोडो शोधतो," सुगंधाबाई म्हणाल्या. "इवलोसो. पिवळो. नळयेसारख्या नाकाचो, शेपटेन धरता."

"डोक्यार बाशिंग आसता तो?"

मृण्मयी चालता चालता थांबली. समुद्रघोड्याच्या माथ्यावर हाडाचा तुरा असतो. तिनं निबंधात त्याच्या कंगोऱ्यांचं पाऊण पान वर्णन केलं होतं. "बाशिंगासारखंच दिसतं ते," ती म्हणाली. "तुम्ही पाहिलाय?"

"आमी त्येका नवरो म्हणतो. पोट मोठा आणि डोक्यार बाशिंग, म्हणान." बाई हसली. तिचं नाव द्वारका. "माझी आजी सांगी, नवरो दिसलो तर लगीनघरात सांगूचा. आता खाडयेत नाय ऱ्हवले. मशीन इला तेव्हाच गेले."

निनादनं मान खाली घातली.

"पण खाजणात आसत," द्वारकाबाई म्हणाल्या. "जुन्या बांधाच्या आत. थंय मशीन जाऊक नाय, वाटच नाय. माझ्या घोवाच्या खुटल्यांका धरून बसतत. बघूचे आसत तर चला, पाणी भरूच्या आधी."

तलाठ्याची नळी बांधाच्या बाहेर होती. आतलं पाणी तिनं कधी ओढलंच नव्हतं.

द्वारकाबाई पुढे निघाल्या. सुगंधाबाई त्यांच्या बरोबरीनं चालू लागल्या आणि बांध चढेपर्यंत दोघींना एकमेकींच्या माहेरची दोन माणसं ओळखीची निघाली. मागून मृण्मयी नोंदवहीत चालता चालताच लिहीत होती: स्थानिक नाव, नवरो. सांगणाऱ्या, द्वारका. त्यांचं आडनाव विचारायचं राहिलं होतं.

बांधाच्या आतलं पाणी गुडघाभर आणि काचेसारखं होतं. जाळं बांधायच्या पहिल्या खुंटाला काही नव्हतं. दुसऱ्यालाही नव्हतं. तिसऱ्यापाशी निनाद वाकला आणि तसाच वाकून राहिला. मृण्मयी जवळ आली तेव्हा त्यानं बोलू नको म्हणून हात वर केला. खुंटाला शेपटी गुंडाळून एक गर्भार नर बसला होता, आणि गवतातून कुणीतरी त्याच्याकडे यायला निघालं होतं.